आप्पांचं घड्याळ

सोमवार, ३० जून

चोवीस किलो! चार वर्षांचं पोर आणि चोवीस किलो! आणि वजन झालं कुठं, तर माझ्याच नर्सरीत, सगळ्या आयांसमोर. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई काटा बघून म्हणाल्या, "हा कुणाचा?" मी म्हटलं, माझा. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडं — 'पुडे नकोत, डबा हवा' — माझ्याच अक्षरातला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर बाजूला घेऊन नीट बोलल्या. विशूला जरा पळालं की धाप लागते, हे बरं नाही. गोड, तळलेलं बंद. रोज तासभर चालणं-पळणं. महिन्याभरानं परत वजन करू, वाढतच राहिलं तर रक्त तपासावं लागेल. एवढ्याशा दंडात सुई! नाही. ते मी होऊ देणार नाही.

मंगळवार, १ जुलै

घरात फर्मान काढलं. फरसाण, टोस्ट, बिस्किटं — सगळं डबे रिकामे करून शेजारी देऊन टाकलं. अतुल तोंड पाडून बघत बसला, जसं काही मी नवऱ्याचंच जेवण बंद केलं. विशूच्या डब्यात आता भाकरी नाहीतर थालीपीठ, उसळ, काकडी. बास.

पण त्याला चालवायचं कोण? मी नर्सरीत वीस पोरं सांभाळून येते तेव्हा माझे पाय माझे नसतात. अतुल वाळूजच्या कंपनीतून रात्री आठला येतो. तर आप्पा आपणहून म्हणाले, "म्या नेतो की पोराला. तुम्ही कशाला जीव काढता?" असे सासरे मिळायला नशीब लागतं! सासूबाई गेल्यावर गंगापूरची शेती वाट्यानं देऊन इथं आले, तेव्हापासून घरात पाहुण्यासारखे अवघडून असायचे. त्यांनाही काम मिळालं.

मी म्हटलं, आप्पा, तुमचीही एकदा तपासणी करून घेऊ. तर उठून गॅलरीत गेले. सासूबाई 'नुसतं दाखवायला' म्हणून दवाखान्यात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. अतुलनं मग त्यांच्यासाठी पावलं मोजणारं घड्याळ आणलं. तेवढं घातलं बाई हातात.

शनिवार, १२ जुलै

४१००! काल ३९५०. फ्रिजवर तक्ता लावलाय. संध्याकाळी दोघं आले की आप्पा मनगट पुढं करतात, मी आकडा लिहिते, विशू चांदणी चिकटवतो. बारा दिवसांत एक दिवस खाडा नाही.

शुक्रवार, २५ जुलै

विशू चाळीसपर्यंत न अडखळता मोजतो! वर्गातली बाकीची पोरं वीसच्या आतच गळपटतात. मी तर शिकवलं नव्हतं! कुठं शिकलास रे? म्हणे, "फिरताना. आप्पा आणि मी." आप्पांना मनातल्या मनात हात जोडले.

शनिवार, २ ऑगस्ट

पालकसभा. आमच्या नर्सरीच्या मालकीण नीरजा मॅडम म्हणाल्या, आज तुम्हीच बोला. मी घरचा तक्ताच घेऊन गेले होते! वर धरून दाखवला. "आमच्याकडं बहात्तर वर्षांचे आजोबा नातवाला रोज चार हजार पावलं चालवतात. मग तुम्हाला काय झालंय?" टाळ्या! वरदच्या आईनं तक्त्याचा फोटो काढला. म्हणाली, आमच्या सासऱ्यांना दाखवते, सोफ्यावरून उठत नाहीत.

आप्पांना सांगितलं तर नुसतं "बरं, बरं" म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. लाजले असतील.

सोमवार, ४ ऑगस्ट

पंचवीस किलो दोनशे.

काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः उभी राहून पाहिलं. काटा बरोबर आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

लीलाबाई — नर्सरीतल्या मावशी — सकाळपासून माझ्याभोवती घुटमळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, रागवणार नसाल तर सांगते. घरी जाताना तुमचे सासरे आणि विशू दिसतात मला. बेकरीच्या पायरीवर." कधी दिसले? "रोजच दिसतात की."

संध्याकाळी मागोमाग गेले. उस्मानपुऱ्याच्या चौकापर्यंतही जावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडालाच ती बेकरी! आप्पा पायरीवर बसलेले. आणि नुसतं मनगट हलवताहेत — वर, खाली, वर, खाली — लेकराला खुळखुळा दाखवावा तसं. घड्याळ बिचारं इमानेइतबारे पावलं मोजतंय. शेजारी माझं पोर, क्रीमरोल खात. नाकापर्यंत क्रीम.

काय काय बोलले सगळं आठवत नाही. रस्त्यातच बोलले. लोक थांबून बघत होते, बघू देत! "माझ्या पोराच्या जिवाशी खेळलात आप्पा," एवढं आठवतं. विचारलं, क्रीमरोल कशाला? तर म्हणतात, "दुसऱ्याच्या दुकानापुढं फुकट कसं बसावं, बाई?" वर तोंड करून! मग बसायचंच कशाला? चालायला गेला होतात ना? खाली बघत होते. मग म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

संपलं! चुकलं म्हटलं की झालं! मी त्या तक्त्यावर आकडे लिहीत होते, चाळीस आयांसमोर तो मिरवत होते, आणि हे रोज मनगट पुढं करत होते. डोळ्याला डोळा भिडवून.

विशूला विचारलं, मला का नाही सांगितलंस? "आप्पा म्हणाले, आईला नाही सांगायचं." चार वर्षांचं पोर! घरच्या घरीच त्याला लपवाछपवी शिकवली. त्याला चांगलं दरडावलं. रडून झोपला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

अतुलला माहीत होतं!

क्रीमरोलचं तरी माहीत होतं. केव्हापासून? जुलैपासून! म्हणे विशूच्या शर्टावर क्रीम दिसलं होतं. "म्हातारा माणूस नातवाला एखादा खाऊ देणारच ना. तू लई ताणतेस, श्रेया." मी ताणते! मी सकाळी पाचला उठून थालीपीठं थापते, मी दुसऱ्यांच्या पोरांचे डबे उघडून बघते, वाईटपणा घेते — आणि माझ्याच घरातले तिघं मिळून मला येडी बनवतात. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

तक्ता फाडला. चांदण्यांसकट.

शनिवार, ९ ऑगस्ट

आप्पांशी बोलत नाही. ताट वाढते, सरकवते. ते घड्याळ काढून टेबलावर ठेवून दिलंय त्यांनी. मी तिथून हलवलं नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

आता मीच नेते. दोघांनाही! आप्पा नको म्हणत होते. मी म्हटलं, नको कसं? पाच आठवड्यांची पावलं बाकी आहेत तुमची. घड्याळ पुन्हा त्यांच्या हातात चढवलं आणि म्हटलं, आता चाला माझ्या डोळ्यांपुढं.

विशू छान पळाला. दोनदा तर माझ्याही पुढं गेला! आप्पांचं मात्र मागं मागं. थोडं चालले की थांबायचे. कुणाच्या फाटकाला हात लावून उभे, कुठं दुकानाची पाटीच वाचत बसले. चौकाजवळ तर फुटपाथच्या कडेला चक्क बसकण मारली. विशू पळत जाऊन त्यांच्या शेजारी बसला, सवयीनं. मला इतका संताप आला! म्हटलं, "उठा आप्पा. नाटकं पुरे झाली."

उठले. टोपीनं घाम पुसला आणि चालू लागले. मलाच वाईट वाटावं असा चेहरा केला होता. मला नाही वाटलं.

उद्याही नेणार. परवाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

दवाखान्यात आहे. विशूच्या चित्रांच्या वहीत लिहितेय.

आप्पा सकाळी जिन्यात बसले ते उठेनातच. इथं त्यांच्या छातीला तारा लावल्यात. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, किती चाललं की दुखतं?" आप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "दुखत नाय काई. जरा दम लागतो, येवढंच."

विशू माझा हात सोडून पलंगाजवळ गेला.

"चाळीस," तो डॉक्टरांना म्हणाला. "चाळीस झाले की आप्पा बसतात. बरं वाटलं की आम्ही परत एकपासून मोजतो."