पुलाच्या मध्यापर्यंत टरफलं

ती. त्सोन्को दाजी यांस,
धाकट्या मेहुण्याचा, गांचोचा, नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची तब्येत विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, नाहीतर काही महिन्यांपूर्वी पुरलेल्या माणसाला ‘प्रकृती कशी’ म्हणणं म्हणजे टोमणाच. (टोमणा मारायचाही आहे, पण तो पुढे.) थडग्यावरचं गवत मी काढलं, दगड पुसला, आणि शेजारी झोपलेले म्हातारे पोस्टमास्तर तुमची बडबड अजून सहन करत असतील अशी आशा करतो. गावातल्या प्रत्येक खांबावर तुमचा फोटो असलेला मयताचा कागद अजून आहे. पावसाने मिशी धुऊन गेली, त्यामुळे तुम्ही जरा सज्जन दिसता. हे पत्र मृतांच्या शनिवारी थडग्यावर ठेवायच्या उकडलेल्या गव्हाच्या ताटलीखाली ठेवणार आहे. वाचून झालं की ताटली सरळ ठेवा, नाहीतर ताई मलाच बोलते.

ताईवरूनच सुरुवात करतो. दोन्काताईच्या हृदयाची झडप गळते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शस्त्रक्रिया झाली नाही तर ती वसंत ऋतू बघणार नाही. तुमच्या पोराने, प्लामेनने, तिकडे स्टुटगार्टमध्ये सगळी व्यवस्था केली, हॉस्पिटल ठरवलं, नुसतं बसमध्ये बसून यायचं. पण नाही! ‘मी गेले तर मॅचला यांच्याशेजारी कोण बसेल?’ हे तिचं उत्तर. यांच्या म्हणजे तुमच्या. मी म्हटलं, ताई, अगं ते वारले. तर म्हणते, ‘म्हणूनच तर. जिवंत होते तेव्हा हाक मारून बोलवायचे, आता कोणाला बोलवतील?’ जिना चढताना दोनदा थांबते, ओठ निळे पडतात, पण आपल्या कोत्वा क्लबचा फुटबॉलचा सामना असला की तुमची उशी काखेत मारून सगळ्यांच्या आधी स्टेडियमच्या बी सेक्टरात हजर.

आता बी सेक्टरातल्या खुर्च्यांबद्दल. तुम्हाला ठाऊक आहेच: स्प्रिंगच्या खुर्च्या, माणूस उठला की खटकन उभ्या राहणाऱ्या, खालच्या बाजूने लाल. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच सामन्यात, शिट्टीसरशी तुमची खुर्ची आपोआप खाली आली तेव्हा मी ताईच्या पलीकडेच होतो. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, भुताखेतांवर विश्वास ठेवला म्हणून पोरांचे कान पिळले, त्यामुळे सामना संपल्यावर मी आधी स्प्रिंग तपासली. चांगली टणक होती. पुढच्या सामन्याला तुमच्या मागची खाली आली (जहाज कारखान्यातले सुतार तिथे बसायचे, ते आठवतात ना), मग तिच्या बाजूची, आणि शरद ऋतू येईतो निम्मा सेक्टर शिट्टीसरशी खटाखट खाली बसायला लागला. मध्यंतराला सगळ्या एकदम वर. (मेल्यावरही मध्यंतराला जावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) आपली माणसंही कशी! टोप्या काढल्या, ‘देव त्यांना क्षमा करो’ पुटपुटले आणि पंचाच्या आईचा उद्धार पुढे चालू केला.

मी तरीही मानलं नसतं. पण तुमच्या खुर्चीखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सापडली. जगात बिया खाणारे पुष्कळ असतील, पण तुमच्या त्या अर्ध्या तुटलेल्या दातामुळे टरफलाच्या दोन्ही पाकळ्या टोकाला जोडलेल्याच राहायच्या, तशी टरफलं दुसऱ्या कोणाची नाहीत. एक उचलून पाहिलं. ओलं होतं. ती चव तोंडात आल्यासारखी होऊन मी तीन दिवस जेवलो नाही.

अशात ती लीग आली. तुमच्या-माझ्या भांडणातली तीच ती, सीमेपलीकडची: बेलग्रेड, बुडापेस्ट, अथेन्स, व्हिएन्ना, सगळीकडचे बडे क्लब आपापली देशातली लीग सोडून एकत्र खेळणार. कोत्वालाही आमंत्रण! मी पहिल्यापासून तिच्या बाजूने. त्याच त्या संघांशी खेळून आपला क्लब गंजला, निकाल सामन्याआधी न्हाव्याला ठाऊक असतो, आणि निम्म्या मैदानांवर शेळ्या हाकलल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. तुम्ही जिवंत असताना म्हणायचात, ‘अरे, त्या शेळ्यावाल्या गावात कोत्वा येणार म्हणून वर्षातून एकदा कुंपणाला रंग लागतो, मांस भाजायला अख्खं गाव जमतं. मोठे निघून गेले की ती गावं बोडकी होतील. आपण कुणाबरोबर खेळतो त्यानेच आपण मोठे, मूर्खा!’ (मूर्खा हे तुम्ही माझ्या लग्नाच्या पंगतीतही म्हणाला होतात.) तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही, तुम्हाला ते कोणाला ऐकवून मिरवता येणार नाही म्हणून.

तर लीगची चव बघायला नदीपलीकडे रुमानियात एक मैत्रीचा सामना ठरला. मी ताईला म्हटलं, दाजींनाही घे बरोबर. माझा हेतू सरळ होता: तुम्ही नदी ओलांडलीत, तर ताईपण स्टुटगार्टपर्यंत जाईल. तिने तुमचं तिकीट काढलं, खिडकीशी तुमची टोपी ठेवली, आणि बसची गादी आमच्या डोळ्यांदेखत खचली. मागच्या सगळ्या रिकाम्या गाद्या एकेक करून खचत गेल्या. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि आरसाच वर फिरवून टाकला. दुपारची वेळ, पण डॅन्यूबवरचं धुकं असं दाट की पुलाचे कठडेसुद्धा दिसेनात. ताई तुमच्याशी गप्पा मारत होती, तुम्ही आत लोकरीचा बनियन घातला का वगैरे. पुलाच्या मध्यावर, सीमेची पिवळी रेषा रंगवलीय ना, तिथे चाक टेकलं मात्र, आणि तुमची गादी हळूहळू वर आली. टोपी घसरून खाली पडली. मागच्या गाद्याही उसासा टाकावा तशा फुगल्या. ताई किंचाळली, ‘थांबव रे! उतरले ते!’

ड्रायव्हरने बस थांबवली. कोण उतरले, हे त्याने विचारलं नाही. दार उघडलं तर बाहेर धुकं आणि पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही. सीमा उठली, आता पासपोर्टसुद्धा कोणी बघत नाही, पण ती सवलत जिवंतांना. तुम्ही मंडळी अजून जुन्याच नियमाने चालता हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो सामना कोत्वाने तीन गोलांनी जिंकला आणि एकही माणूस ओरडला नाही. आम्ही पाहुण्यांच्या बाकांवर परक्याच्या मयताला आल्यासारखे बसून राहिलो. परतताना ताईने त्याच रेषेपाशी बस थांबवायला लावली. दार उघडलं. कोणी दिसलं नाही, पण बस पायरीच्या बाजूने वारंवार दबत राहिली, आणि तो बिचारा ड्रायव्हर पांढऱ्याफटक चेहऱ्याने, सवयीने, ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणत होता. मी खाली उतरून पाहिलं. आपल्या काठापासून पिवळ्या रेषेपर्यंत कठड्याच्या कडेने टरफलं पडली होती, पाकळ्या जोडलेली. रेषेच्या पलीकडे एकही नव्हतं.

त्या दिवसानंतर ताईने प्लामेनचे फोन घ्यायचं सोडलं. ‘ते सीमा ओलांडत नाहीत, मीपण नाही,’ झालं, विषय मिटला. आणि मी, दाजी, त्या लीगसाठी दुप्पट ओरडायला लागलो. लीगचा नियम असा की जुना बी सेक्टर पाडून तिथे काचेच्या खोल्यांचा नवा मजला उठवायचा. लोक मला म्हणाले, गांचो मास्तर, पैसे खाल्लेस का? मी म्हटलं, मला मरायच्या आधी अथेन्स बघायचंय. दाढीवाल्या न्हाव्याने माझी अर्धी मिशी मुद्दाम तिरकी कापली, तेही सहन केलं.

लीगमध्ये जायचं की नाही याचं सभासदांचं मतदान बी सेक्टरातच झालं, कारण क्लबच्या हॉलचं छत गळतं. अध्यक्ष मिन्चेव साहेब (तोच, ज्याला तुम्ही ‘तेलाचा डबा’ म्हणायचात) मैदानापलीकडे दुर्बीण घेऊन उभे. धुक्यात माणसं दिसत नाहीत म्हणून त्यांनी युक्ती काढली: लीग पाहिजे त्याने उठून उभं राहायचं, खुर्ची वर होईल, लाल दिसेल, लाल म्हणजे होकार. आता सभासद मूठभर आणि रिकाम्या खुर्च्या ढीगभर, त्या तर आधीपासूनच वर, लालच लाल! डाव सगळ्यांना कळला, पण हसायला लागायच्या आत त्यांनी शिट्टी फुंकली. आणि दाजी, शिट्टी म्हटल्यावर तुम्ही लोक कसले थांबताय! खट. तुमची खुर्ची खाली. मग सुतारांची. मग रांगच्या रांग, वरपासून खालपर्यंत, लाल विझत गेलं. थंडी अशी आली की माझा चष्मा धुरकटला. होकार देणारे आम्ही उभे होतो, तेही घाबरून एकेक करून बसले. मी मात्र हट्टाने उभा राहिलो. मागे वळून पाहिलं, तर माझी खुर्ची खालीच. कोणीतरी बसलं होतं तिच्यात. मी ओळखलं कोण ते. कानाशी बी फोडल्याचा आवाज आला.

मिन्चेव साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि धावत सुटले ते म्हणे अजून घरातून बाहेर पडलेले नाहीत. ठराव पडला. कोत्वा इथेच राहील, शेळ्यांशी खेळेल, बी सेक्टर कोणी पाडणार नाही. ताईने तुमच्या खुर्चीला मिठी मारली, रडली, हसली आणि मला म्हणाली, ‘बघ, आता तर मी मुळीच जाणार नाही.’ जिंकलात, दाजी. अभिनंदन. घरी येताना ती कोपऱ्यावरच्या बाकावर बसली, तिला श्वास पुरेना, आणि मी तिचा हात धरून तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की पोस्टमास्तरांनासुद्धा उचकी लागली असेल.

बाकी क्षेम. पोस्टमास्तरांना नमस्कार सांगा.

तुमचा,
गांचो

ता. क. मला अथेन्स बघायचं नाही. मला उन्हाचा त्रास होतो, तुम्हाला माहीत आहे. तो सेक्टर पडला असता तर ताईला इथे बसायला जागा राहिली नसती आणि ती पोराकडे गेली असती, एवढंच माझं राजकारण. ते तुम्ही हाणून पाडलंत, तेव्हा आता हात जोडून मागतो. उद्या रविवारी सामना आहे. शिट्टी होईल, सगळे बसतील, बसू देत. तुम्ही तेवढे बसू नका. एकच सामना. तिला वाटू दे की तुम्ही नाही आहात. तुम्ही तिच्या शेजारी बसून राहिलात, तर पुढच्या हंगामात ती तुमच्या शेजारी असेल, पण खुर्चीत नव्हे. मला माझी बहीण जिवंत पाहिजे, दाजी. मूर्ख म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा.

ता. क. दुसरा. पत्र ताटलीखालून परत काढून लिहितो आहे. (गहू संपले होते. कावळे असतील.) काल शिट्टी झाली आणि अख्खा सेक्टर खाली बसला, एक खुर्ची सोडून. तुमची वरच राहिली, लाल. ताईने ती हाताने पुसली, खाली दाबली, सोडली. ती वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. मध्यंतरापर्यंत ती तिच्याकडेच बघत होती. मग म्हणाली, ‘रागावले का रे ते माझ्यावर?’ मी म्हटलं, ‘कंटाळले असतील, चार गोलांनी हरतोय आपण.’ फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, ‘प्लामेनला फोन लाव.’ मी तुमच्या मयताला रडलो नव्हतो. काल बी सेक्टरामागच्या मुतारीत उभा राहून रडलो. थँक्यू, दाजी.

ता. क. तिसरा. ताई आज गेली. मी तिला सोडायला पलीकडच्या काठापर्यंत बसमध्ये होतो, मग उतरून पुलावरून चालत परत आलो. ती खिडकीशी बसली होती, शेजारची सीट प्लामेनच्या सांगण्यावरून पाय ठेवायला रिकामी घेतलेली. मी ती सीट मुद्दाम बघितली नाही, पण चालत येताना रस्ता बघणं भाग होतं. कठड्याच्या कडेने टरफलं होती. आपल्या काठापासून नव्हे, दाजी. पिवळ्या रेषेपासून पलीकडे, रुमानियाच्या बाजूला, थेट बस जिथे वळली तिथवर. पाकळ्या जोडलेली. ओली. म्हणजे जाता येत होतं तुम्हाला! आणि त्या दिवशी क्लब इथेच राहावा म्हणून अर्ध्यावर उतरलात, आम्हाला बनवलंत, लबाड कुठले! ताईची शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. हॉस्पिटलच्या खोलीत बिया खाऊ नका, तिकडच्या नर्स फार ओरडतात म्हणे.