घर जळलं त्या दिवशी तू मागायला निघालीस

माय,

परवा इथे गडचिरोलीत आम्ही निवृत्त शिक्षिका जमलो होतो. बोलता बोलता एकीनं विचारलं, मन शाबूत राहायला माणसात नेमकं काय असावं लागतं? कुणी संयम म्हणालं, कुणी श्रद्धा. माझ्या डोळ्यांपुढे तू उभी होतीस, केसांत राख भरलेली, दुसऱ्याच्या दारात.

पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावातली ती उन्हाळ्यातली दुपार. बाबा बांबू तोडायला जंगलात गेलेले. वारा सुटलेला, कुठूनशी ठिणगी येऊन धानाच्या तणसाच्या ढिगावर पडते आणि बघता बघता छप्पर पेटतं. तू मला दंडाला धरून बाहेर ओढतेस, पुन्हा आत जायला वळतेस, तोवर आढं कोसळतं. अंगणात वाळत घातलेली मोहफुलंसुद्धा गेली. मग तू रस्त्यातच बसलीस आणि मोठ्यानं रडू लागलीस. बायका तुला उगी उगी करत होत्या. तू त्यांचे हात बाजूला सारलेस. "रडू द्या मले. घर जळलं माहं." पोटभर रडलीस, उठलीस, हापशीवर तोंड धुतलंस आणि मला विचारलंस, "भूक लागली का वं तुले?"

शेजारच्या काकूच्या दारात जाऊन तू सरळ म्हणालीस, "पोरगी उपाशी आहे, मीही उपाशी आहे. भात वाढ." मी तुझ्या पाठीमागे लपले. तिथून निघून आपण दुसऱ्या घरी गेलो, तिथे तू लुगडं मागितलंस. तिसऱ्या घरी भात रांधायला गंज. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. वाटेत मी तुझा पदर ओढला, "माय, लोक का म्हणतील?"

"का म्हणतील? घर जळलं म्हणतील. जळलंच ना?"

"पण मागून काऊन राह्यली तू?"

तू थांबलीस. रागावलीस असं मला वाटलं, पण तू खाली वाकून माझे केस नीट केलेस. "आज मी काकूच्या दारी गेली नाई, तं उद्या तिले माह्या दारी येताना लाज वाटंल. मंग कसं जगावं आपण गावात?"

संध्याकाळी बाबा आले. राखेपाशी उभे राहिले, कुणी पाणी दिलं तर हातानंच नको म्हणाले. तू मागून आणलेलं हिरवं लुगडं नेसून काकूच्या ओसरीत बसली होतीस. ते लुगडं गावातल्या सगळ्यात धिप्पाड बाईचं, त्याच्यासोबत तिचं पोलकंही अंगात, दोन बाया मावतील एवढं. बाबांनी तुला पाहिलं आणि भांबावून काकूला विचारलं, "कोण पाहुणी आली?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग काकू हसली, मी हसले. शेवटी बाबा खाली बसले आणि रडले. तू त्यांनाही उगी केलं नाहीस, नुसती शेजारी बसून राहिलीस.

मी मात्र बाबांवर गेले, माय. हे गेले ना, मागच्या पावसाळ्यात. सकाळी चहा मागितला आणि मी कप घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी रडले नाही. तेरवीपर्यंत आल्या-गेल्यांचं सगळं मीच पाहिलं. सगळे म्हणाले, म्याडम किती खंबीर. पुण्याहून लेक फोन करायचा, मी म्हणायची, माझी काळजी नको. दारावर कुणी आलं तर उंबऱ्यातच बोलून वाटेला लावायची. जेवायला बसले की घास तोंडात फिरत राहायचा. कित्येक महिने असेच गेले.

एका दुपारी भरलेलं ताट पुढे होतं आणि हात उचलेना. काय वाटलं कोण जाणे, ताट उचललं आणि शेजारचं दार वाजवलं. तिथे एसटीत कंडक्टर असलेली एक बाई राहते, माझ्या निम्म्या वयाची. तोवर आमची ओळख नमस्कारापुरतीच. तिनं खाकी ड्रेसमध्येच दार उघडलं. तोंडात घास होता.

"एकटीला जेवण जात नाही गं," मी म्हणाले. "तुझ्याकडे बसून जेवू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "या ना बाई. मीबी उभ्या उभ्याच खाऊन राह्यली होती. ड्युटीले अजून टाइम आहे." तिनं चटई टाकली. पहिल्याच घासाला मला रडू फुटलं, माय, अगदी तुझ्यासारखं, मोठ्यानं. ती घाबरली नाही. माझ्या भातावर वरण वाढत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "लोणचं देऊ?"

आता तिची सुट्टी असली की आम्ही एकत्र जेवतो. गेल्या आठवड्यात तिच्या गाडीत बसून मी उगाचच आलापल्लीपर्यंत जाऊन आले. खिडकीबाहेर सागवान सरकत होता, ती गर्दीतून तिकिटं फाडत यायची आणि माझ्यापाशी आली की डोळा मारायची.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवायची. हे वाचून दाखवायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला मी ते दाखवणार नाही. लेक विचारतो, कशी आहेस, तर मी बरी आहे एवढंच सांगते. नवरा गेलेल्या बाईनं याहून जास्त बोलावं की नाही, ते कळत नाही. तुला म्हणून सांगते. मी खुशीत आहे.