एकेचाळीस सेकंद

बाबा,

कंपनीसाठी कामाचा वेळ मोजायला मी घड्याळ घेऊन तुमच्या गिअरबॉक्सच्या लाइनवर आले, तेव्हा तुमच्या शेजारी जोडणी करणारे डेटलेफकाका ओरडले, "हळू घे रे हार्टमूट, पोरगी मोजतेय!"

तुम्ही हसलात. "मोजू दे की! बाप थकलाय असं वाटायला नको तिला."

एरवी एका जोडणीला तुम्हाला बावन्न सेकंद लागतात. त्या दिवशी एकेचाळीस लागले. मला फरक कळत होता, तरी मी घड्याळातला आकडाच लिहिला. त्यावरून कंपनी तुमच्या पाचजणांतला एक कमी करणार आहे. नाव सोमवारी कळेल.

ते तुमचं असेल याची भीती वाटते. डेटलेफकाकांचं असेल याची जास्त वाटते.

रविवारी केक खायला तेही येणार आहेत ना? मला बरं नाही, एवढंच कळवते. हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुमची,
ज्यूडिथ