कॅमेऱ्यासाठी कांडलेली चटणी

अब्बा, यंदा आपला चटणी कांडायचा डंक बंद करायचं घरात जवळजवळ ठरलंच होतं. तुमच्यानंतर इतकी वर्षं अम्मीनं तो रेटला, पण आता तिचे गुडघे ऐकत नाहीत. मोठा भाई कागलच्या एमआयडीसीत, त्याला स्वतःच्या आजारपणालाही रजा मिळत नाही. आणि चटणी कांडून घ्यायला बायका तरी कुठं येत होत्या? दुकानात पाकीट मिळत असताना मिरच्या वाळवा, मसाला भाजा, डबा घेऊन रांगेत बसा, हे सांगितलंय कुणी? गाळा एका मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं बोलणंही झालं. मी हट्टाला पेटले आणि भाईकडून एक उन्हाळा मागून घेतला, कारण चटणीचा हंगाम तेवढाच. गिऱ्हाईक परतलं नाही तर किल्ली त्याच्या हातात द्यायची, असा शब्द देऊन बसले.

मग मी डंकाचं इन्स्टाग्रामवर पेज काढलं. आता गिऱ्हाईक तिथं असतं, अब्बा. बाजारात येण्याआधी माणूस फोनमध्ये बाजार करतो. मी छान फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘सन्माननीय ग्राहकांच्या सेवेत सहर्ष सादर.’ भाभीशिवाय कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग व्हिडिओ केला, तर आपली नेहमीची चटणी त्यात विटकरी दिसायला लागली. तुम्हाला ठाऊकच आहे, ब्याडगी मिरचीला रंग आणि संकेश्वरीला जाळ. मी शहाणीनं ब्याडगी वाढवली, संकेश्वरी नावाला ठेवली, आणि लालभडक चटणी पाटीत पडतानाचा व्हिडिओ टाकला. तो असा पळाला की मी हवेतच. पुण्यात राहणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी भराभर मागवली, मीही भराभर पाठवली. आणि एका सकाळी त्याच व्हिडिओखाली गडहिंग्लजच्या माहेरवाशिणीनं लिहिलं, ‘रंग हाय, जाळ न्हाय. आमच्याकडं ह्याला कुंकू म्हणत्यात.’ खाली हसणाऱ्यांची ही रांग. भाभी म्हणाली, पुसून टाक, कुणाला कळतंय? माझं बोटही तिथवर गेलं होतं.

पण तेवढ्यात तुम्ही आठवलात. मी शाळेत आहे, सुट्टीत डंकावर बसलेय, आणि कसबा बावड्याची एक वैनी डबा आपटत येते, चटणी जाडीभरडी निघाली म्हणून. बसलेल्या बायकांनी ऐकू नये म्हणून मी तिला हळूच आतल्या खोलीत नेतेय, आणि तुम्ही डंकाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडताय, “आत कशाला न्हेतीस तिला? चोरी केलीया व्हय आपण? हितं सगळ्यांम्होरं बोलू दे की!” घरात आपली बोली वेगळी, पण डंकावर तुम्ही रागवायचात ते अस्सल कोल्हापुरीत. वैनीला तुम्ही पोत्यावर बसवलंत, चहा मागवलात, तक्रार पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलीत आणि सगळ्यांदेखत डबा डंकात ओतलात. रांगेतल्या बायकांनी तिची बाजू घेतली, मग तुमची घेतली, मग आपापल्या सासवांचा विषय काढला. मला मात्र तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तीच वैनी जावेला घेऊन आली, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लागायला मला स्वतःचं कुंकू विकावं लागलं.

मी काहीच पुसलं नाही. फोन पोत्याला टेकवून उभा केला, डंक चालू केला आणि ती तक्रार मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, “वैनी, तुमचं खरं हाय. व्हिडिओत झ्याक दिसावी म्हणून मीच ब्याडगी वाढवली. आता घरात ल्हान पोरं हाईत का तेवढं सांगा, त्या बेतानं परत कांडून धाडते.” लोकांनी आधी मला झापलं, मग एकमेकांना झापायला लागले. कुणी म्हणे आमच्यात खोबरं जास्त, कुणी म्हणे लसूण कमी असेल तर ती चटणीच न्हवं. मी रोज एकेकाला उत्तर देत गेले, जसं बोलते तसंच. हळूहळू जवळपासच्या बायका डबे घेऊन प्रत्यक्ष यायला लागल्या, काही तर नुसत्या भांडायला. हंगाम सरत आला तसा भाई सुट्टीच्या दिवशी किल्ली न्यायला आला. दारातली गर्दी बघून उभाच राहिला. मग बाह्या सरसावल्या, चाळण उचलली आणि एका मावशीची चटणी चाळायला बसला. मोबाइलवाल्याला त्यानंच नाही म्हणून कळवलं.

आता शेजारचे दुकानदार विचारतात, पेज चालवायचं कुठं शिकलीस? तुमचं नाव सांगितलं तर हसतात, कारण तुमच्या वेळी आपल्या घरी साधा फोनही नव्हता. हसू देत. तुम्ही मला धंदा दिलात, आणि धंद्याहून मोठं म्हणजे लोकांसमोर उभं राहायचं धाडस दिलंत. त्याबद्दल तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. बापलेकीत तशी रीत नसते. सगळं काही पेजवर टाकते, हे मात्र टाकणार नाही, आणि दुसरीकडे कुठं पाठवायची सोयही नाही.

तुम्हाला म्हणून सांगते. व्हिडिओ धंद्यासाठी करते असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. पण तुमचा आवाज आपल्याकडे कुठंच साठवलेला नाही, अब्बा. डंकाच्या वर आवाज चढवून मी बोलते ना, तेव्हा मध्येच एखाद्या शब्दात तुम्ही ऐकू येता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझेच व्हिडिओ लावते आणि डोळे मिटून ऐकत बसते.