एकही बोल्ट न बदललेली गाडी

९ सप्टेंबर, सोमवार

गुडघ्याच्या डॉक्टरनं आज निकाल दिला. डावा पाय चहाच्या मळ्यात हिंडायला चालेल, जिने चढायला चालेल – क्लच दाबायला नाही. “आजोबा, ऑटोमॅटिक घ्या ना,” म्हणाला. घ्या ना! जसा काही मी बाजारात कांदे घ्यायला निघालोय. अठ्ठावन्न वर्षांची गाडी आहे माझी. त्यातली एकोणपन्नास माझ्याजवळ.

परत येताना पहिल्याच सिग्नलला क्लच दाबला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर बरोबर बोलला. इकुयोला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं म्हणजे सल्ले ऐकायचे.

१० सप्टेंबर

इकुयोला आधीच माहीत होतं. डॉक्टरची आई तिच्याच गाण्याच्या मंडळात आहे. हे गाव!

१२ सप्टेंबर

कुवाजिमाच्या गॅरेजमध्ये गेलो. चांगला कारागीर, पण हात गप्प बसत नाहीत. कुणाच्या जुन्या गाडीला विजेच्या काचा लाव, कुणाला एसी बसव. म्हणाला, आठवड्यात जुना गिअरबॉक्स काढतो, ऑटोमॅटिक बसवतो, डाव्या पायाला जन्मभराची सुट्टी. मग हळूच कागदांचं बोलला. सरकारी तपासणीनंतर गाडीच्या कागदावर मॉडेलच्या नावापुढे एक चित्रलिपीतलं अक्षर चिकटतं, अर्थ – ‘बदललेली’. कायमचं.

आमच्या क्लबचा मेळावा दर नोव्हेंबरात ओइ नदीच्या काठी भरतो. पहिल्या रांगेत तीच गाडी, जिचा एकही बोल्ट बदललेला नाही आणि जी स्वतःच्या चाकांवर चालत आली आहे. तीस वर्षं मी त्या रांगेत आहे. आणि हा नियम लिहिला कुणी? मीच!

कुवाजिमा म्हणतो, “काका, जी चालत नाही ती मूळची गाडी कसली? ते तर कपाट.” मी चहा तसाच टाकून उठलो.

१६ सप्टेंबर, ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस

नात आली हामामात्सुहून. सुझुने. गोड डबा घेऊन आली, आमचा सन्मान करायला. मी म्हटलं, सन्मान राहू दे, मेळाव्याला माझी गाडी चालव. तिनं लायसन्स काढून पुढे धरलं. त्यावर छापलंय – फक्त ऑटोमॅटिक! तिच्या नवऱ्याचंही तसंच. माझ्या पुतण्याचंही तसंच. “आजोबा, आता गिअर कोण शिकतं?” सगळं घराणं डावा पाय बेकार ठेवून मोठं झालंय आणि मला पत्ता नाही.

इकुयो स्वयंपाकघरात हसत होती. मग छोटा ट्रक काढून सोसायटीत खत आणायला निघून गेली. आज सन्मानाचा दिवस, तर निदान घरात बसावं की नाही?

२१ सप्टेंबर

होशिआई-सान आले. क्लबचे अध्यक्ष, वय एक्याऐंशी, बोलणं मधाळ. गाडी विकत मागतायत. त्यांच्या शेडमध्ये अशा सात गाड्या आहेत, कापडाखाली. “तुमच्या गाडीला माझ्याकडे काहीही होणार नाही.” तेच तर! काहीही होणार नाही. कुणी चावीसुद्धा फिरवणार नाही.

मेळाव्यापर्यंत मुदत दिलीय, सतरा नोव्हेंबर. म्हणजे एकतर तिच्या पोटात सुरी घालायची, नाहीतर होशिआईंच्या घरी पाठवायची, नाहीतर इथेच गंजू द्यायची.

२२ सप्टेंबर

गाडी पुसली. कुठेही नेली नव्हती, तरी पुसली.

२ ऑक्टोबर

शरदातल्या पानांची तोडणी सुरू झाली. इकुयोनं ट्रक भरून चार खेपा कारखान्यात नेल्या. पाण्याच्या टाकीपाशी ते अवघड वळण आहे ना, तिथे ती पोत्यांसकट ट्रक उलटा चढवते, अर्धा क्लच धरून, एका दमात. मी खाली उभा राहून हातानं दाखवत होतो – डावीकडे, अजून डावीकडे. माझ्याकडे बघत नाही. मी सांगितलं, क्लच जरा जास्त वेळ धरून ठेवतेस. तिनं ट्रकचा धूर माझ्या अंगावर सोडला.

५ ऑक्टोबर

इकुयोला म्हटलं, गाडी आता जायचीच आहे, तर एकदा गल्लीच्या टोकापर्यंत तरी बस. नाही म्हणाली. अकरा वर्षं झाली, या गाडीत पाऊल टाकलेलं नाही. त्याआधी अडतीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून फिरली. लग्नानंतरच्या प्रवासाला, बाळंतपणाला, दोन्हीकडच्या अंत्यविधींना. आणि एक दिवस अचानक – “मी बसनं येते.” कारण आजतागायत सांगितलं नाही. सवतीमत्सर, दुसरं काय! मी तरी असंच समजतो. पण ती शेजारी नसली की गाडी चालवण्यात अर्धीच मजा राहते, हे मी तिला कधी बोललेलो नाही.

१३ ऑक्टोबर

ठरलं. कुवाजिमाला सांगितलं, अठ्ठावीस तारखेला गाडी ने, बसव तुझं ऑटोमॅटिक. होशिआईंच्या कापडाखाली मरण्यापेक्षा अपंग होऊन चाललेली बरी. तो खूश! मला काही खूश होता येईना. सवय व्हावी म्हणून वर्तमानपत्राच्या समासात ‘बदललेली’ हे अक्षर वीस वेळा गिरवलं. विसाव्यांदाही तितकंच खुपलं.

२० ऑक्टोबर

सुझुनेचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजोबा, आजी रोज चालवते तो ट्रक ऑटोमॅटिक आहे का?”

मी म्हटलं, छे! पाच गिअरचा आहे.

म्हटलं, आणि फोन हातात धरून तसाच उभा राहिलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नातेवाइकांची लायसन्सं तपासली, क्लबभर विचारलं, आणि रोज सकाळी ही बाई माझ्या नाकासमोरून गिअर टाकत मळ्यात जाते! तिचं लायसन्स १९७३ चं. तेव्हा ‘फक्त ऑटोमॅटिक’ असली चैनच नव्हती.

आणखी एक आठवलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं होतं, मी चालवू का? मी म्हणालो होतो, हिचा क्लच वेगळा आहे, तुला जमायचा नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी ते साफ विसरलो होतो. ती विसरली असेल असं वाटत नाही. लाज वाटते आहे.

२१ ऑक्टोबर

कुवाजिमाला थांब म्हणून कळवलं. मग धीर करून इकुयोला विचारलं. ती मुळ्याला मीठ चोळत होती. मान वर न करता म्हणाली, “विचार करते.”

२२ ऑक्टोबर

विचार करतेय.

२५ ऑक्टोबर

अजून विचार करतेय. गाणं गुणगुणत विचार करतेय! मी सकाळी भांडी घासली. फरक पडला नाही.

२७ ऑक्टोबर

उत्तर आलं. चालवेल. अट एकच – तिचा हात स्टिअरिंगवर असेतो माझ्या तोंडातून शब्द निघता कामा नये. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, हळू नाही. मी चटईवर डोकं टेकून मान्य केलं.

४ नोव्हेंबर

मला घरी बसवून गाडी एकटीच घेऊन गेली. अर्धा तास मी फाटकापाशी येरझाऱ्या घालत होतो. आली, एका फटक्यात मागे घेऊन शेडमध्ये लावली, चावी खुंटीला अडकवली. “क्लच साधाच आहे,” म्हणाली आणि तांदूळ धुवायला गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

मेळावा. सविस्तर लिहितो, पण उभ्यानं लिहितोय. कारण पुढे येईल.

एकोणपन्नास वर्षांत मी या गाडीत डावीकडे कधी बसलोच नव्हतो. आज बसलो. गल्ली संपायच्या आत सीटमधली एक स्प्रिंग मांडीत घुसली. सरकलो, तर दुसरी स्प्रिंग वाट बघत होती. सायलेन्सरचा पाइप नेमका डाव्या पायाखालून जातो. पुलापर्यंत बुटाचा तळवा भाजायला लागला. नोव्हेंबरात ही तऱ्हा, तर ऑगस्टात काय! समोरून ऊन थेट डोळ्यांत, कारण त्या बाजूला ऊन अडवायची झडपच नाही. १९६६ मध्ये ती फक्त ड्रायव्हरला द्यायचे. ओरडावंसं वाटत होतं, पण शब्द काढायचा नव्हता. इकुयो मजेत. गिअर असे पडत होते की मला माझीच गाडी ओळखू येईना.

पहिल्या रांगेत लागलो. होशिआई-सान भिंग घेऊन आत शिरले, डाव्या सीटवरून हात फिरवला. “मूळचं कापड, मूळच्या स्प्रिंगा. वा! हिला हात लावायचा नाही हं.” गाडी मागायचं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते स्टिअरिंगवरच्या इकुयोकडेच बघत होते.

दुपारी नदीकाठी आम्ही भाताचे गोळे खाल्ले. ती बसून, मी उभा. मी विचारलं, “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले होते,” इकुयो म्हणाली. “तीनदा. तुम्ही म्हणालात, सीट मूळची आहे.”

मला एकदाही आठवत नाही. पण मी असंच म्हणालो असणार, याची खात्री आहे. तिच्या पोटात सुझुनेची आई होती तेव्हासुद्धा ती याच स्प्रिंगांवर बसून इस्पितळात गेली होती. मला तिच्याकडे बघवेना. आणि मी याला सवतीमत्सर म्हणत होतो!

येतानाही ती चालवत होती. मी पुन्हा डावीकडे बसलो. काही बोललो नाही, आणि या वेळी अटीमुळे नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळी कुवाजिमाला फोन लावला. डावी सीट काढ, मऊ बसव, पायाखाली उष्णता अडवणारा पत्रा टाक, मूळ-बीळ गेलं खड्ड्यात! इकुयोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, काही करायचं नाही, गाडी आहे तशीच राहील.

मग चावी उचलून माझ्याकडे वळली. “अडतीस वर्षं बसा. मग बदलू.”