डाव्या बाजूचं मागचं चाक

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार दुपार

प्रिय तेजू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी शांत हो. बाबा ठीक आहेत, मी ठीक आहे, आणि आपली गाडी तर इतकी ठीक आहे की रविवारी मी ती सोमेश्वरपर्यंत नेऊन आणली. हो, मीच. रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो, मग हिला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल तुला. पण हे फोनवर मला बोलता येईना. तुझे बाबा आत झोपलेत आणि मी ओट्याशी स्टूल घेऊन बसलेय. अक्षर गिचमिड वाटलं तर नखांत अजून ग्रीस आहे असं समज.

महिनाअखेरीला तू येणार आणि बाबांना तुमच्या घराजवळच्या त्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, हे आपलं ठरलं. मीही हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मी थकले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून 'हां' सोडून शब्द नाही. जेवण झालं का, हां. पंखा लावू का, हां. एकदा मी वैतागून विचारलं, अहो, तुमच्या डोक्यावर हत्ती बसलाय का, तर त्यालाही हां. त्या स्नेहा मॅडम येतात बोलायला शिकवायला, केळ्याचं चित्र दाखवतात, छत्रीचं दाखवतात, आणि हे आपले छताकडे बघत बसतात. डॉक्टरही म्हणाले की आतलं किती शाबूत आहे ते आज सांगता येत नाही. डॉक्टरांना सांगता येईना ते आपण मायलेकींनी सांगून टाकलं. आत आता फारसं कुणी उरलेलं नाही, असं आपण धरून चाललो ना?

तू म्हणालीस म्हणून गाडीचंही बघायला घेतलं. सातपूरचे एक गृहस्थ बघायला आले. गाडी सुरू छान झाली, कारण खालच्या मजल्यावरचा ज्ञानेश अधूनमधून येऊन इंजिन फिरवून जायचा. पण गिअर टाकला तर मागून कण्हल्यासारखा आवाज आला आणि गाडी ढिम्म हलेना. झटका आला त्या दिवशी बाबा भाजी घेऊन आले, नेहमीसारखा खसकन हँडब्रेक ओढला, पिशवी घेऊन वर आले आणि सोफ्यावर कलंडले. त्यानंतर अख्खा पावसाळा गाडी तशीच उभी. गृहस्थांनी हँडब्रेकचा दांडा खाली केला, पण डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक काही सुटला नाही. तो गंजून जाम झाला होता. दुरुस्त करा आणि मग कळवा, असं म्हणून ते गेले.

मी वर येऊन हे सगळं बाबांना सांगितलं, म्हणजे भिंतीला सांगावं तसं, सवयीने. जरा वेळाने आतल्या खोलीतून खरखर ऐकू आली. जाऊन बघते तर हे जमिनीवर बसून डाव्या हाताने पलंगाखालची पान्यांची निळी पेटी ओढत होते. मी म्हटलं, आता हे काय नवीन काढलंत? तर म्हणाले, हां. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते यांच्यावरूनच. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायली हलवल्या, पण रविवारी गाडीखाली शिरल्याशिवाय यांना जेवण गेलं नाही. तुला आठवतं का, तू बॅटरी धरून उकिडवी बसायचीस आणि मांजर दिसलं की उजेड तिकडे जायचा? मग गाडीखालून आवाज यायचा, तेजे, मला दाखव गं, मांजरीला अंधारात दिसतं. आणि मी वरून ओरडायचे की काळे हात पांढऱ्या टॉवेलला पुसू नका. म्हटलं, बसू दे घटकाभर पेटी घेऊन, तेवढंच बरं वाटेल. नेली खाली.

ज्ञानेशने चाकाचे नट सैल केले, गाडी जॅकवर उचलली, चाक काढून दिलं आणि कॉम्प्युटरवर त्याची मीटिंग होती म्हणून तो पळाला. राहिलो आम्ही दोघं. हे प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी, आणि मी गोणपाटावर फतकल मारून. मी आत हात घालणार, तेवढ्यात यांनी काठी माझ्या मनगटावर ठेवली. मग काढलेल्या चाकावर टकटक, मग गाडीच्या पोटाकडे टकटक. मला कळेना. पुन्हा टकटक. शेवटी ते चाक मी आडवं करून गाडीखाली सरकवलं, तेव्हा कुठे काठी मागे घेतली. जॅक निसटला असता तर गाडी त्या चाकावर टेकली असती, माझ्यावर नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि तेजू, माझे हात थांबलेच. ज्याच्या आत कुणी उरलं नाही म्हणालो, त्याला माझी काळजी घ्यायचं सुचलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पेटीतला पाना शोधत होते.

मग एकेक करत गेलो. ते काठीने दाखवायचे, मी खोलायचे. चाकामागे लोखंडी चकती असते आणि तिला दोन्हीकडून धरणारा लोखंडाचा पंजा. त्यालाच कॅलिपर म्हणतात. पंजाला दोन बोल्ट. ते सुटल्यावर पंजा मी खाली लोंबकळत सोडणार होते, तर काठी पुन्हा आली. ब्रेक ऑइलची नळी ताणली जाते ना! तारेने वर टांगायला लावला. त्याच्या दोन सरकत्या पिना गंजून लाल झालेल्या. त्या पॉलिश पेपरने घासून घासून पांढऱ्या केल्या, ग्रीस लावलं. हँडब्रेकची तार अडकते तो मागचा खटका हलत नव्हता. त्यात तेल सोडलं, हळूहळू ठोकलं, पुढेमागे करत राहिले, तेव्हा तो सुटला. साडीला फॉल लावताना मी जशी मान घालून बसते तशीच बसले होते. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

उरला पंजाच्या पोटातला गोल दट्ट्या. तो घट्ट बसलेला, आणि साफ करायचा तर आधी थोडा बाहेर यायला हवा. यांनी गाडीच्या दाराकडे काठी केली. धरून उठवलं. मला वाटलं मला बसायला सांगतायत, तर हे स्वतःच बसले, स्टिअरिंगसमोर. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. उजवा पाय चालत नाही, म्हणून डावा पाय हाताने उचलून ब्रेकवर ठेवला. मी मागे येऊन दट्ट्याखाली तळहात धरून बसले. आणि काय सांगू तुला! आवाज नाही, धक्का नाही, आणि तो दट्ट्या हळूच, अगदी हळूच बाहेर सरकायला लागला. त्यांचा पाय तिकडे दाराआड, मला दिसतही नाही, आणि त्या पायाचा जोर बारीकशा नळीतून इतक्या लांब माझ्या तळहातापर्यंत येत होता. मी पोरीसारखी हरखून बघत राहिले. इतकी वर्षं गाडीत बसले, गाडी थांबते कशी हे कधी मनातही आलं नव्हतं. बस, बस म्हणून ओरडले, तर त्याच क्षणी थांबला.

दट्ट्या पुसून झाला, आता तो आत बसवायचा. इथे मात्र मी शहाणपणा केला. ज्ञानेशने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला होता, त्यात बाई क्लॅम्प लावते, आवळते, की दट्ट्या सुळकन आत. ते पुढच्या चाकाचं होतं हे मला काय ठाऊक! मी क्लॅम्प आवळते आवळते, तो तसूभर सरकेना. खुर्चीवर परत आलेले बाबा हां हां करायला लागले. मी म्हटलं, थांबा हो, होतंय. आणखी जोर लावला. ते डावा हात हवेत फिरवायला लागले, मला वाटलं आटप म्हणतायत. मी हातोडी उचलली. एक घाव घातला असता तर आतले आटे मोडले असते आणि कॅलिपर भंगारात गेला असता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, मी घाबरून उठणार, तोच ते म्हणाले,

"फिरव."

स्वच्छ. तुझ्या-माझ्यासारखं. नांदगावकडचा तो त्यांचा ठसकाही तसाच. मी हातोडी खाली ठेवली आणि नुसती बघत राहिले. त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण तेही माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. तेजू, मी देवळात जाते, उपास करते, पण समोर काहीतरी उभं राहिलंय आणि आपण त्याच्यापुढे एवढेसे आहोत, असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. पार्किंगमध्ये, गोणपाटावर, ते वाटलं. रडले मी, लाज कसली. मग त्यांनीच काठीने दट्ट्याकडे दाखवलं. काम अर्धवट सोडायचं नाही हा स्वभाव. मागच्या चाकाचा दट्ट्या दाबता दाबता फिरवायचा असतो. पकडीची टोकं त्याच्या खाचांत घातली, दाबत फिरवला, आणि तो घट्ट बरणीच्या झाकणासारखा वळत वळत आत गेला. सगळं परत जोडलं. चाक हाताने फिरवलं तर गरगर फिरलं.

रविवारी दोघं गेलो. सोमेश्वरला थांबल्यावर त्यांनी मला आधी उजव्या, मग डाव्या मागच्या चाकाजवळ हात धरायला लावला. ब्रेक अजून धरत असेल तर ते चाक जास्त तापतं. दोन्हीकडे सारखंच कोमट होतं. स्नेहा मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आता चित्रं बाजूला ठेवू, पेटी आणा. शब्द भराभर येतील असं समजू नकोस. 'फिरव'नंतर पुन्हा नुसतं हां हांच चालू होतं.

आता फोन का केला नाही ते सांगते. गेल्या महिन्यात तू विचारलंस, "आई, खरं सांग, बाबांना आता काही कळतं का गं?" मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर होता. बाबा समोर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. मला तेव्हा वाटलं, चहा नको असेल. ते सगळं ऐकतात, तेजू, सगळं कळतं त्यांना, म्हणून त्यांच्यादेखत फोनवर हे बोलवेना. रडू नकोस, रागावलेले नाहीत ते. आज सकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, तेजूला पत्र लिहितेय, तुमचं काय लिहू? खूप वेळ गेला. ओठ जुळायचे, सुटायचे. कपाळाला घाम आला, पण मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाले, "ये." एवढंच. तर त्यांना न्यायला येऊ नकोस, बाळा. नुसती ये.

तुझीच,
आई