नववी फळी

२ दै, १३३९ फसली. आदिलाबाद

अखेर भर चौकात माझं दुकान! निर्मलला मामाच्या ओसरीवर लोकांचे सदरे शिवता शिवता कंबर मोडायची वेळ आली होती. आता शेरवान्या शिवीन, त्याही कचेरीतल्या अंमलदारांच्या. तारखाही आता त्यांच्यासारख्या, निजामाच्या फसली महिन्यांनी लिहायच्या. सुभद्रा माहेराहून येऊन पाहील तेव्हा म्हणेल, शिंप्याच्या नशिबी राजवाडा आला.

इमारत दिसली आणि मी शिवणयंत्र गाडीतच ठेवून नुसता बघत उभा राहिलो. गाडीवान वैतागला. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, मागे न्हाणी आणि छोटं दार. पुढे दगडी ओटा, त्यावर चार सागवानी खांब आणि प्रत्येकाच्या माथ्यावर कोरलेले पोपट. वरच्या सज्ज्याला चुन्याच्या पाच महिरपी. एकीचं टोक जरा डावीकडे कललंय, गवंड्याला त्या दिवशी ताप असावा. मला तीच सगळ्यांत आवडली.

दुकानाला दार असं नाहीच. नऊ उभ्या फळ्या आहेत. खालच्या-वरच्या तुळईतल्या खाचेतून एकेक सरकवायची आणि आतून अडसर घालायचा. सुतारानं छिन्नीनं प्रत्येकीवर रेघा मारून ठेवल्यात, पहिलीवर एक, दुसरीवर दोन, अशा. क्रम चुकला तर शेवटची बसतच नाही. असं काम पाहिलं की करणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात.

९ दै

सुभद्राला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती नदीकाठी तिच्या गावी आहे. पत्रात दुकानाचं इतकं कौतुक लिहिलं की तिची खुशाली विचारायची राहिलीच. मग समासात विचारली.

शेजारच्या ओट्यावर मुरमुरे-फुटाणे विकणाऱ्या मथुराबाई मनानं बऱ्या, पण जिभेला हाड नाही. आज सांजेला मी फळ्या लावत होतो तर धावतच आल्या. “बायको बाहेर हाय अन् तुमी शेवटची फळी लावून राह्यले? काऊन जी?” या ओळीतली रीत अशी की घरचं माणूस बाहेर असेपर्यंत नववी फळी लावत नाहीत. माणूस बाजाराला गेलेलं असो की बाळंतपणाला, त्या जागी गोणपाट टांगायचं. ते परतलं की मग फळी.

मी म्हटलं, लोकांचं महागाचं कापड माझ्या भरवशावर आहे, गोणपाट पाहून चोर काय रामराम करून परत जाणार? हसलो आणि फळी सरकवली. गच्च बसली. मथुराबाई पाय आपटत घरी गेल्या.

४ बहमन

कामाला उसंत नाही. कचेरीतल्या एका पेशकाराची शेरवानी तीनदा उसवली, माणूस प्रत्येक वेळी थोडा जाडच होऊन येतो. वरच्या खोलीत पाळण्यासाठी तुळईला कडी मारून घेतली. रोज झोपण्याआधी ती ओढून पाहतो. पक्की आहे.

मथुराबाई अजून रुसलेल्या आहेत. फळी मी रोज लावतोच.

२१ बहमन

आज भर दुपारी सुभद्रा आली! कडेवर बाळ, माझ्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं. कळवलं नाही, सोबत कोणी नाही, केस ओले. मी कात्री टाकून उठलो.

ती ओट्यावर थांबली. नववी फळी जिथे बसते, नेमकी तिथे. फळ्या तर सगळ्या काढून भिंतीला टेकवलेल्या होत्या, समोर सताड उघडं. तरी तिनं तळवा पुढे केला आणि तो हवेतच अडला. बंद दार चाचपावं तसा हात वर गेला, खाली आला. मी हाक मारली. तिनं पाहिलं नाही. तेवढ्यात पेशकार तिथूनच आत शिरले आणि पुन्हा पाहतो तर ओटा रिकामा.

मथुराबाईंना विचारलं. त्यांना कोणी दिसलं नव्हतं. कामाच्या जागरणानं भास झाला असेल मला.

२२ बहमन

सुभद्राचा भाऊ चंपतराव आला. गाडीतून उतरला आणि खांब धरून रडायलाच लागला.

दोन दिवस अडली होती. काल सकाळी मुलगी झाली, रडली नाही. उन्हं डोक्यावर आली आणि सुभद्राही गेली. चंपतराव म्हणाला, “भाऊजी, शेवटी एकच बोलून राह्यली ती. घरी जातो, पण फळी लावेल हाय.”

फळ्यांबद्दल मी तिला एक अक्षर लिहिलं नव्हतं. फक्त खांब, पोपट, महिरपी.

माझी सुभद्रा. देवा, मी काय केलं हे?

३ इस्फंदार

दहावा करून काल आलो. कावळा शिवला नाही. चंपतरावानं हात जोडले, मी जोडले, सासूबाईंनी भुईवर डोकं आपटून घेतलं. नाही शिवला.

आज दुपारी ती आली.

नववी फळी मी परसात नेऊन टाकली. मागचं दार उघडून तिथेही उभा राहिलो. पण घरची सून पुढच्या दारानंच आत येणार. ती पुढेच उभी राहते आणि चाचपते. तिची नखं तुटलीत. मी या बाजूनं तिच्या तळव्याला हात लावायला गेलो तर हाताला लाकूड लागलं. डोळ्यांना काही नाही, हाताला साग. त्यातून गिऱ्हाइकं खुशाल येतात-जातात.

६ इस्फंदार

रोज येते. दुकान बंद ठेवलंय, तरी येते. बाळ हलत नाही. ती त्याला पदराखाली घेते, पुन्हा काढते, पुन्हा—

मी सांगतो, सुभद्रे, चुकलं माझं. तिला ऐकू जात नाही.

८ इस्फंदार

मथुराबाईंचे पाय धरले. आधी कानांवर हात ठेवले त्यांनी, मग सांगितलं. ज्याच्यावर फळी लागली त्याला आत घेता येत नाही. आतल्यानं बाहेर जायचं आणि दुसऱ्या कोणी त्याच्यावर फळी लावायची. त्यांच्या बहिणीचा नवरा असाच मुलापायी गेला होता. तो मग कोणालाच दिसला नाही. “नका जाऊ जी. आमी हाओत ना इथं,” म्हणत रडल्या.

मी विचारलं, फळी तुम्ही लावाल का?

९ इस्फंदार

परसातून फळी आणली. धुतली. मी बाहेर ओट्यावर. आतून मथुराबाई एकेक लावताहेत, हुंदके ऐकू येतात. सात. आठ.

नववी—

बसली. अडसर पडला.

मागच्या दारानं निघून त्या चौकात आल्यात. इकडे बघताहेत. मी हात केला. त्यांची नजर माझ्यावरून फिरून फळ्यांवर गेली.

पेशकार आलेत. फळ्या ठोकतात, मला हाका मारतात. मी त्यांच्या पायाशी बसलोय. ओ दिली. पुन्हा हाका—

ऊन वर आलं. ती येतेय. केस ओले. थांबली.

फळीकडे नाही. माझ्याकडे पाहतेय.

रागावली नाही. म्हणाली, “किती वाट पाहाले लावली जी.” बाळ माझ्या मांडीवर दिलं. गार आहे, फार गार. धोतर सोडलं, छातीशी धरलं. एका हातानं लिहितो आहे— सुभद्रा खांद्याला टेकली— मुलगी हलली— आत्ता— तिनं डोळे उघड—